टेबलक्लॉथची चौथी बाजू

मला पोलीस चौकीत नेलं ते टेबलक्लॉथपायी. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या आळीत या प्रकरणाच्या निदान चार हकिगती फिरताहेत आणि त्यांतल्या एकीत माझ्या पलंगाखाली बिनतारी यंत्र सापडलं होतं. प्रत्यक्षात सापडलं ते असं : तीन बाजूंना क्रोशाची लेस लावलेला एक पांढरा टेबलक्लॉथ, दोऱ्याचा एक गुंडा, अर्धी वीत लेस (तिला लेस म्हणायचंच असेल तर), चोवीस पोस्टकार्डं आणि एक सुई. पंचनाम्यात सुईला 'टोकाला आकडा असलेले लोखंडी हत्यार' असं म्हटलंय. असो. मी नगरला पाटबंधारे खात्यात कारकून आहे, ही भाषा मला परकी नाही.

सगळ्याचं मूळ टेबल. सत्तर सालच्या मे महिन्यात आमचं लग्न झालं आणि विजयमालाच्या भावानं आहेर म्हणून सागवानी टेबल दिलं. दोन खोल्यांत टेबल! आमच्या घराण्यात आजवर कोणी टेबलावर काही खाल्लेलं नाही, आम्ही पाटावरची माणसं. पण विजयमाला म्हणाली, "यावर आपण समोरासमोर बसून चहा घ्यायचा. मात्र उघड्या टेबलावर नाही हं, आधी टेबलक्लॉथ होऊ द्या." आणि ती लेस विणायला बसली. एकेका बाजूला सव्वीस कंगोरे. घरचं सगळं आवरून विणायचं, त्यामुळे वर्षभर आम्ही त्या टेबलाशेजारी जमिनीवर बसून चहा प्यायलो. चहा पिता पिता ती विणायची आणि मी गुंडा धरायचो. माझ्या आयुष्यात त्याहून चांगलं काम माझ्याकडे कोणी सोपवलेलं नाही.

तिसरी बाजू संपली त्याच आठवड्यात तिला प्राथमिक शिक्षिकेची नेमणूक आली. पाथर्डीच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याचं गाव. दिवसातून एक एसटी, तीही ड्रायव्हरच्या मर्जीची. "अहो, मला वर्ग मिळाला!" असं ती म्हणाली तेव्हा तिचा चेहरा असा काही फुलला होता की मी पिशवी घेऊन थेट पेढे आणायला गेलो. परत येताना अर्ध्या रस्त्यात माझ्या डोक्यात प्रकाश पडला की आपण हे पेढे कशाबद्दल वाटणार आहोत. पेढे वाटले. काय करता?

एसटी स्टँडवर ती एवढंच म्हणाली, "चौथी बाजू राहिली बघा." मी म्हणालो, "राहू दे." त्यावर कंडक्टरनं घंटी मारली.

आता आमच्या शेजारीण गोजरबाई. माणूस सोन्यासारखं, पण तोंडाला कडी नाही. बायको गेल्याच्या तिसऱ्या दिवशी त्या भाकरी घेऊन आल्या, टेबलावरची घडी उलगडून पाहिली आणि कपाळाला हात लावला.

"भाऊसाहेब, आवं, ह्ये अर्धंच हाय की!"

"ती आली की करील."

"ती यायची कशी? अर्धं इनकाम घरात ठिवलं की घरातलं मानूस अर्ध्या वाटंवर ऱ्हातं. लई वाईट असतंय ते. माज्या चुलतसासूनं सोताच्या डोळ्यानं बगितलंय."

मी त्यांना कार्यकारणभाव म्हणजे काय ते समजावून दिलं. विज्ञानयुग, चंद्रावर माणूस, सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि भाकरी गरम आहे तोवर खा म्हणाल्या. त्याच संध्याकाळी मी कापडबाजारात जाऊन क्रोशाची सुई मागितली.

"कितवा नंबर?" दुकानदारानं विचारलं. चपलेखेरीज कशाला नंबर असतो हे मला ठाऊक नव्हतं. "आठ," मी म्हणालो. त्यानं वाकून माझ्या पायांकडे पाहिलं.

त्याचबरोबर मी सरळ मार्गानंही प्रयत्न केला, नाही असं नाही. तिच्या खात्याच्या कचेरीत जाऊन बदलीचा अर्ज दिला. तिथला कारकून म्हणाला, अर्ज कर्मचाऱ्यानं करायचा असतो, कर्मचाऱ्याच्या नवऱ्यानं नव्हे. मग तिच्याकडून अर्ज करवला. तो तिच्या हेडमास्तरांमार्फत निघाला, कुठंकुठं मुक्काम करत वर पोचला आणि उत्तर आलं : 'नेमणुकीच्या हुकमातील अट चारप्रमाणे तीन वर्षे सेवा पूर्ण होण्यापूर्वी विनंती बदलीचा विचार करता येत नाही. सबब अर्ज निकाली काढण्यात येत आहे.' मसुदा इतका चोख होता की दुसऱ्या कोणाच्या बायकोबद्दल असता तर मी त्याची नक्कल काढून ठेवली असती.

राहिली सुई. आमच्या आळीच्या टोकाला रंगुबाई राहतात. मिशनच्या लेसच्या वर्गात तीस वर्षं मुलींना शिकवून निवृत्त झालेल्या. मी दारात उभा राहिलो तेव्हा त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि पहिलं वाक्य टाकलं, "हात धुवून या." दुसरं वाक्य आठ दिवसांनी टाकलं, "राधाकृष्ण, तुमचा हात फार घट्ट आहे. त्या दोऱ्यानं तुमचं काय वाईट केलंय?"

साखळी, खांब, मुका खांब, एवढे टाके त्यांनी मला शिकवले. नमुना मात्र विजयमालाचा स्वतःचा, तो तिनंच सांगायला हवा. मी पत्र टाकलं. तिचं उत्तर आलं : 'दर आठवड्याला एक ओळ पाठवीन. घाई करू नका.' ही लेस लांबीनं विणत नाहीत, आडवी विणतात. ओळ म्हणजे जेमतेम दोन बोटांची. तेवढी विणायची, उलटं वळायचं, पुढची विणायची, अशी पट्टी वाढत जाते. पहिली ओळ जूनच्या शेवटच्या शनिवारी आली : '३ सा., ४ खां., २ सा., ४ खां., ५ सा., १ मु. वळा. इकडे पाऊस नाही. प्रकृतीस जपा.'

बस, एवढंच. बायकोचं पत्र आणि त्यात प्रकृती दोन शब्दांत! पण तिचाही नाइलाज होता. त्या गावात पोस्टाचा कारभार शाळेच्या हेडमास्तरांकडेच. कार्डं ते वाचून मग थैलीत टाकत, आणि पाकीट टाकलं तर चारचौघांत विचारत, "बाई, घरी सगळं बरं आहे ना? पाकीट टाकलंत म्हणून म्हटलं." तेव्हा खांब आणि साखळ्या, त्यातच काय ते समजून घ्यायचं.

दर शनिवारी कार्ड यायचं. मी दुपारी दीडला कचेरीतून सुटायचो आणि ओट्यावर उभा राहायचो. पोस्टमन कोपऱ्यावर दिसला की ओटा उतरून त्याला गाठायचो. कार्ड हातात पडलं की ते घेऊन रंगुबाईंकडे धाव, त्यांच्यासमोर ओळ विणायची, आणि मग पुढच्या शनिवारपर्यंत नुसतं बसून राहायचं. रविवार तर खायला उठायचा. टेबल दिसायचं, एकच कप दिसायचा. तिची आठवण यायची हे म्हणणं बरोबर नाही, कारण आठवण यायला ती आधी जावी लागते. मी तिला दोनदा लिहिलं, बाई गं, एकदम चार ओळी पाठव, मी लवकर उरकतो. दोन्ही वेळा उत्तर एकच : 'एका वेळी एकच. चुकाल.'

वाचणारा इथं विचारील, अहो, लेस म्हणजे तोच नमुना पुन्हापुन्हा येणार, एवढं तुम्हांला कळत नव्हतं? नव्हतं! एक तर माझ्या हातचे कंगोरे असे उतरले होते की एकाचं दुसऱ्याशी नातं लागत नव्हतं. पहिला वाटाण्याएवढा, दुसरा पसरट, तिसरा एका अंगानं वर गेलेला. दुसरं म्हणजे मी सरकारी नोकर आहे. मागच्या आठवड्याचा हुकूम या आठवड्याला लागू आहे असं मनानंच धरून चालणारा कारकून टिकत नाही. लेखी येईल ते करायचं, आलं नाही तर थांबायचं. पंधरा वर्षांची सवय आहे ही, सुई धरली म्हणून सुटते होय?

सप्टेंबरात तर कचेरीतच घोटाळा झाला. पट्टी माझ्या खणात असायची, मधल्या सुट्टीत काढून नुसती बघायला. कालव्याच्या दुरुस्तीची फाईल घाईनं साहेबांकडे गेली. आमच्याकडे महत्त्वाच्या कागदाला चिठ्ठी लावतात, तिला पताका म्हणतात. त्या फाईलीत पताका 'अ' होती, पताका 'ब' होती, आणि पताका 'क'च्या जागी माझे अडीच कंगोरे टाचलेले होते. कसे ते देव जाणे. फाईल परत आली, समासात लाल शाईनं शेरा : 'पताका 'क' कशाची आहे? खुलासा करावा.' मी दीड पान खुलासा केला. आमचे हेडक्लार्क सूर्यभान यांनी तो वाचून काढला, पट्टी दोन बोटांत धरून उजेडाकडे केली आणि एवढंच म्हणाले, "राधाकृष्ण, रजा घ्या आणि भेटून या." मी म्हणालो, रजा शिल्लक नाही. ती पावसाळ्यात दोनदा गेलो तेव्हाच संपली होती. एकदा बस फसली, एकदा पोचलो आणि तासाभरात तीच एसटी परत निघाली. त्या तासात तिनं मला तिचा वर्ग दाखवला. पोरं उभी राहून "नमस्ते गुरुजी" म्हणाली.

दिवाळीत ती आली. तीन आठवडे! घर पुन्हा घर झालं. मी पट्टी पुढं ठेवली. ती आधी हसली, मग तिनं एकेका कंगोऱ्यावरून बोट फिरवलं. मी सुई तिच्याकडे केली तर हात मागे घेतला. "चौथी बाजू तुमची. मी हात लावायची नाही." आणि शुक्रवारी, ऐका बरं का, तिनं स्वयंपाकघरात बसून पोस्टकार्ड लिहिलं, चपला घातल्या आणि कोपऱ्यावरच्या पेटीत टाकून आली. आमच्याच पत्त्यावर! शनिवारी पोस्टमननं ते आम्हां दोघांच्या देखत दिलं. "अगं, तोंडानं सांगायचं!" "नियम म्हणजे नियम," ती म्हणाली आणि चकल्या तळायला गेली. सगळ्या सुट्टीत असंच केलं. मला वाटलं, मास्तरीण झाल्यापासून जरा वेगळीच झाली आहे.

डिसेंबरात लढाई सुरू झाली. नगरला लष्कराची छावणी, त्यामुळे आमच्या गावाच्या अंगात आलं. काचांना काळे कागद, दिव्यांना काळे कागद, आणि जो तो दुसऱ्याकडे हेर म्हणून बघतोय. मी सवयीप्रमाणे कचेरीत जाता-येता ओळ पुटपुटत असे, "तीन, चार, दोन, चार..." आणि माझा रस्ता छावणीवरून. कोणी कुठं कळवलं ते मी आता उगाळत नाही. अकरा तारखेच्या शनिवारी मी ओट्यावर उभा राहिलो. दोन वाजले, तीन वाजले. पोस्टमन आला आणि मान खाली घालून पुढं निघून गेला. पंचविसावं कार्ड नाही! तिला काही झालं असेल का? ताप? साप? गोजरबाईंची अर्धी वाट माझ्या डोळ्यांपुढं उभी राहिली. तेवढ्यात कोपऱ्यावर खाकी कपडे दिसले. कारभारी हवालदार. हातात माझं कार्ड.

"आलं का?" मी ओरडलोच. "द्या इकडं!"

हवालदार दोन पावलं मागे सरले. "भाऊसाहेब, तुमाला सायबांनी बलिवलंय. घरातली समदी पत्रं बी घ्या संगं." टेबलक्लॉथ, गुंडा, पट्टी, सुई, हेही सगळं त्यांनी बरोबर घेतलं.

फौजदार तरुण होते, ते तरुणपण अंगावर शिक्षेसारखं वागवणारे. त्यांनी माझी पत्रं टेबलावर ओळीनं मांडली. मला फार लागलं ते. ती पत्रं मी उशाशी ठेवत होतो.

"हे '४ खां.' म्हणजे काय?"

"चार खांब."

"कुठले? विजेचे की तारेचे?"

"दोऱ्याचे."

खरं बोलणं चौकीत किती खोटं वाटतं, याचा अनुभव एकदा घ्यावा.

"'इकडे पाऊस नाही.' मार्गशीर्षात कुठं पाऊस असतो?"

"तिकडे श्रावणातही नव्हता, साहेब. तिनं तेच वाक्य पुढं चालू ठेवलंय."

"बरं. बाकी सगळी पत्रं पाथर्डीकडची, आणि ही तीन? ही नगरातच टाकलेली. म्हणजे माणूस नगरात आला होता. कुठं उतरला होता?"

"माझ्याकडे."

फौजदारांनी हवालदारांकडे अर्थपूर्ण पाहिलं. मग त्यांनी पाच कार्डं वेगळी काढून माझ्यापुढं सरकवली. "आता हे बघा. पहिलं, सातवं, तेरावं, एकोणिसावं आणि आजचं पंचविसावं. तारीख सोडली तर एकच मजकूर. दर सहा आठवड्यांनी तोच संदेश पुन्हा. कशासाठी?"

मी पाहिलं. देवाशपथ सांगतो, तोवर मी ती पत्रं अशी शेजारी शेजारी ठेवून कधी पाहिलीच नव्हती. माझ्या तोंडून शब्द फुटेना, आणि हेर पकडला गेला की असाच गप्प होतो म्हणतात.

तेवढ्यात बाहेर गलका झाला. गोजरबाई रंगुबाईंना घेऊन आल्या होत्या आणि मागे सबंध आळी. "आवं सायेब," गोजरबाई दारातूनच, "त्यो मानूस येडा हाय, हेर न्हाई!" त्यांचा हेतू चांगला होता.

रंगुबाई न विचारता खुर्चीवर बसल्या. "सुई द्या. हवालदार, तुम्ही पत्रं वाचा, क्रमानं."

कारभारी हवालदार हुकमी आवाजात वाचायला लागले आणि रंगुबाईंची बोटं चालू लागली. सहा पत्रं, सहा ओळी. एक कंगोरा तयार झाला, टेबलक्लॉथच्या तीन बाजूंना आहे तसाच. त्यांनी तो फौजदारांपुढं ठेवला. "वाचा पुढचं."

हवालदारांनी सातवं कार्ड उचललं आणि थांबले. "बाई, ह्ये तर पैलंच हाय."

"असणारच. नमुना सहा ओळींचा. सहा पत्रांत सगळं सांगून झालं होतं. त्याखाली 'पुन्हा पहिल्यापासून' एवढं लिहिलं की संपलं."

"मग या बाई दर आठवड्याला पुन्हापुन्हा तेच का लिहितात?" फौजदार म्हणाले.

रंगुबाईंनी चष्मा काढला. "साहेब, जे पत्र हेडमास्तर वाचणार, त्यात बायको नवऱ्याला दुसरं काय लिहील?"

माझे कान तापले. दारात आळी उभी, आणि त्या आळीदेखत मला कळलं की सहा महिने माझी बायको मला काय लिहीत होती. मी मूर्खासारखा खांब मोजत बसलो होतो.

"तुम्हांला माहीत होतं?" मी रंगुबाईंना विचारलं.

"सातव्या कार्डापासून."

"मग सांगायचं नाही?"

"शनिवारी कार्ड घेऊन धावत येताना तुमचं तोंड तुम्ही पाहिलेलं नाही, राधाकृष्ण."

फौजदारांनी पंचनामा फाडला नाही, तो फाईललाच राहिला. पण सामान आणि पत्रं परत दिली. हवालदारांनी ती एक ते पंचवीस अशी नीट लावली, दोन्ही हातांनी माझ्या हातात ठेवली आणि दारापर्यंत आले. "आमची मंडळी सोनईला असती," ते म्हणाले. "तिला लिवता येत न्हाई. बघा की आता." आणि आत गेले.

घरी आलो तो छाती फुगवूनच. नमुना कळला होता! आता हुकमाची वाट कशाला? रोज एक कंगोरा म्हटला तरी नवं वर्ष उजाडता उजाडता बाजू पुरी, गोजरबाईंचं तोंड बंद, टेबल सजलेलं. पंचविसावी ओळ विणली, वळलो, सव्विसावीची साखळी घातली, आणि सहज हिशेब केला. बाजूला कंगोरे सव्वीस, कंगोऱ्याला ओळी सहा, म्हणजे एकशे छप्पन्न ओळी. आठवड्याला एक, तर एकशे छप्पन्न आठवडे.

वर्षाचे आठवडे बावन्न.

मी उठलो आणि अर्ज निकाली काढल्याचा कागद शोधून काढला. अट चार. तीन वर्षे. नेमणुकीच्या हुकमात ती अट तिनं पहिल्याच दिवशी वाचली असणार, मी पेढे आणायला गेलो होतो तेव्हा. मला सांगितली नाही. पेढे हातात घेतलेल्या माणसाला काय सांगणार? तिनं नुसती चौथी बाजू तीन वर्षांना बरोबर पुरेल अशी वाटून दिली, आणि सुट्टीतसुद्धा एक आठवडा चुकू दिला नाही.

मी सव्विसावीची साखळी उसवली. सुई गुंड्यात खोचून ठेवली. मग लाज कसली, दार लोटून चांगला रडलो.

तिन्हीसांजेला गोजरबाई भाकरी घेऊन आल्या. टेबलावरच्या घडीकडे पाहून म्हणाल्या, "समजलं न्हवं कसं करायचं? मंग आता उरका की झटक्यात."

"नाही," मी म्हणालो. "पुढची ओळ शनिवारी."

त्यांनी भाकरी ठेवली आणि त्या निघाल्या. यावेळी त्यांच्या चुलतसासूनं काही पाहिलेलं नसावं.

त्या गेल्यावर जमिनीवर बसून चहा घेतला आणि पोस्टकार्ड काढलं. लिहिलं : 'सौ. विजयमाला हिस अनेक आशीर्वाद. तुझे पत्र क्रमांक पंचवीस, कंगोरा पाचवा, ओळ पहिली, आज पोलीस चौकीमार्फत पावले. काळजीचे कारण नाही, भेटीत सांगेन. ओळ पुरी केली. उरलेल्या एकशे एकतीस ओळी आपल्या ठरावाप्रमाणे पाठवत जाव्यात. घाई नाही.' इथवर लिहून थांबलो. कागदावर खोटं विधान राहणं बरं नव्हे. शेवटचे दोन शब्द खोडले आणि खाली लिहिलं : 'मला फार घाई आहे. पण करणार नाही.'

हेडमास्तर वाचतील. वाचू देत.